संघर्षाच्या भागात कंपनीचं काम काढताय? मग व्हाउचरपासून सुरुवात करा

एक व्हाउचर सांगतो. ट्रकच्या एका फेरीचं. डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, पंक्चर, हमाली आणि सगळ्यात खाली पेनाने घुसडलेली एक ओळ, "रस्ता खर्च". पावती नाही, आणि रक्कम इतकी किरकोळ की ऑडिटवाला पण न थांबता पान उलटेल. मी विचारलं हे काय, तर अकाउंटवाला म्हणाला, "साहेब, सगळेच देतात, नाहीतर गाडी पुढं जात नाही." कोणाला देतात? नाक्यावरच्या पोरांना. पोरं म्हणजे कोण? यावर गडी गप्प. पोरं म्हणजे बंदूकवाली पोरं, आणि महिन्याच्या सगळ्या फेऱ्या जोडल्या तर एका सशस्त्र गटाचा पगार आमच्या पेटी कॅशमधून निघत होता.

मानवाधिकार म्हटलं की लोकांना परिषदा आणि ठराव आठवतात, पण कंपनीत हा विषय बहुतेक वेळा अशाच एखाद्या ओळीत दबा धरून बसलेला असतो. खाली जे लिहितोय ते अशा भागात कारखाना टाकणाऱ्यांसाठी आहे, तिथून माल उचलणाऱ्यांसाठी आहे आणि तिथं नुसतं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांसाठी पण आहे, कारण "आम्ही फक्त विकतो" वाल्यांचे काय हाल होतात ते पुढं येईलच.

आपला भाग यात मोडतो का

टीव्हीवर रणगाडे दिसले तरच संघर्ष, असं नसतं. युनोच्या व्यवसाय आणि मानवाधिकार वर्किंग ग्रुपने २०२० साली याच विषयावर रिपोर्ट दिला, त्यात धोक्याच्या खुणा सांगितल्यात: शस्त्रं जमवणं, एखाद्या समाजाविरुद्ध विखारी भाषणं, आणीबाणीचे कायदे, मदत संस्थांना हाकलणं. आणि युद्ध संपलेला भाग पण यातच धरायचा, कारण तह होतो वरच्या लोकांचा, खाली गावात हिशेब तसेच पडून असतात.

माझी स्वतःची कसोटी अजून साधी आहे. ड्रायव्हरने गेल्या सहा महिन्यांत रस्ता बदललाय का? अंधार पडायच्या आत परत यायचं असं सगळे न सांगता पाळतात का? काही ठराविक कामगार एका ठराविक गावावरून जायला नको म्हणतात का? तिन्हीचं उत्तर हो असेल तर सरकारी यादीत त्या भागाचं नाव येण्याची वाट बघत बसू नका.

कोण कोणाशी भांडतंय ते कागदावर काढा

हे काम कन्सल्टंटला देऊन पन्नास पानांचा रिपोर्ट मागवता येतो, पण तो रिपोर्ट कपाटात जातो. त्यापेक्षा एक मोठा कागद घ्या. मधे आपला प्रोजेक्ट, आजूबाजूला सगळे: सैन्य, पोलीस, बंडखोर, स्थानिक पुढारी, जमीनमालक, पळून गेलेले लोक, परत आलेले लोक. प्रत्येकासमोर दोनच गोष्टी लिहायच्या, त्याला काय हवंय आणि आपल्या कामामुळे त्याला काय मिळतंय किंवा त्याचं काय जातंय. दुसरा रकाना भरताना पेन अडकतं, आणि जिथं अडकतं तिथंच खरी माहिती नसते.

माहिती कोणाकडून घ्यायची हे फार महत्त्वाचं. कंपनीचा जो "लोकल संपर्काचा माणूस" असतो तो कोणत्यातरी एका बाजूचा असतोच, त्याची चूक नाही, पण फक्त त्याच्यावर विसंबलं की अर्धं चित्र गेलं. शाळेतले शिक्षक, दवाखान्यातल्या नर्स, बाजारात बसणाऱ्या बायका, आणि मुख्य म्हणजे जे तिथून निघून गेलेत ते लोक, यांच्याशी बोला. बोलताना सुद्धा जपून, कंपनीची गाडी एखाद्याच्या दारात उभी राहिली याचा अर्थ संध्याकाळपर्यंत गाव काय लावेल सांगता येत नाही.

जमिनीचं वेगळं सांगतो कारण यात चांगल्या चांगल्या कंपन्या अडकतात. मोक्याची जागा, कागद क्लियर, भाव पडलेला. अशी जमीन दिसली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो की इथं आधी कोण राहत होतं आणि ते का गेले. मारहाणीला घाबरून पळालेल्याची जमीन कोणीतरी आपल्या नावावर करून घेतलेली असते, सातबारासारखा जो काही कागद तिथं चालत असेल तो एकदम स्वच्छ दिसतो, आणि दहा वर्षांनी तो माणूस परत येतो तेव्हा त्याच्या घराच्या जागी तुमचं गोडाऊन असतं.

प्रश्न एक नाही, दोन

एरवी कुठंही धंदा करताना ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे धोका आधीच शोधायच्या तपासणीत, एक प्रश्न असतो, आपल्यामुळे माणसांना त्रास होतोय का. २०११ च्या जूनमध्ये युनोच्या मानवाधिकार परिषदेने जी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, युनोचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी तयार केलेली, एकूण ३१, त्यांचा गाभा हाच आहे: सरकारने संरक्षण करायचं, कंपनीने हक्कांचा मान राखायचा, आणि नुकसान झालं तर दाद मिळायला हवी. संघर्षाच्या भागात याला दुसरा प्रश्न जोडायचा, आपल्यामुळे भांडण वाढतंय का. यालाच वाढीव ड्यू डिलिजन्स म्हणतात.

हे दोन प्रश्न वेगळे कसे, ते बघा. समजा नदीच्या दोन काठांवर दोन समाज, जुनं वैर. तुम्ही प्लांट टाकला, पगार वेळेवर, हेल्मेट-बूट सगळं, बालकामगार एकही नाही, ओव्हरटाइमचे पैसे चोख. पहिल्या प्रश्नात पैकीच्या पैकी मार्क. पण लेबर कॉन्ट्रॅक्टर अलीकडच्या काठाचा, त्याने स्वतःच्या ओळखीतली माणसं भरली, तीनशेतली दोनशे नव्वद एकाच काठाची. आता पलीकडच्या काठावर काय बोललं जातं? की कंपनी त्यांची आहे. पुढच्या दगडफेकीत तुमची बस फुटते आणि ऑफिसात लोक म्हणतात, आपण तर कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं! भरतीची यादी कोणत्या गावचे किती अशी एकदा मांडून बघा, मी सांगतो दहा मिनिटांत घाम फुटेल.

मग आपला वाटा किती ते ठरवायचं. त्रास आपण स्वतः दिला, का दुसऱ्याने दिलेल्या त्रासाला आपण हातभार लावला, का आपण काही केलं नाही पण आपल्या मालाशी किंवा सप्लायरशी तो जोडलेला आहे. स्वतः दिला तर थांबवा आणि भरून द्या. हातभार लावला तर तो हात काढून घ्या, आपल्या वाट्याचं भरून द्या आणि समोरच्यावर वजन टाका. नुसता जोडलेला असेल तरी वजन वापरायचंच, "ते सप्लायरचं बघा" म्हणून फाइल सरकवता येत नाही. वजन म्हणजे काय, तर ऑर्डर, कॉन्ट्रॅक्टमधली अट, बाकीच्या खरेदीदारांना सोबत घेणं. एकटा छोटा खरेदीदार काही करू शकत नाही हे खरंय, पाच जण मिळून बोलले की तोच सप्लायर फोन उचलतो.

सगळं एकदम होत नाही, त्यामुळे क्रम लावावा लागतो. तो कंपनीच्या नुकसानीवरून लावायचा नाही. त्रास किती गंभीर, किती जणांना, आणि भरून येण्यासारखा आहे का, या तीन गोष्टींवर लावायचा. मेलेला माणूस परत येत नाही, बुडालेला पगार देता येतो. बस.

"आम्ही फक्त माल विकला"

हे वाक्य कोर्टात फार जुनं आहे. ब्रूनो टेश नावाचा जर्मन व्यापारी, त्याची कंपनी झिक्लॉन बी हा कीटकनाशक गॅस छळछावण्यांना पुरवायची. १९४६ साली हँबर्गमध्ये ब्रिटिश लष्करी कोर्टाने त्याला फाशी दिली, विकणाऱ्याला, गॅस सोडणाऱ्याला नाही. नंतरचं उदाहरण नेदरलँड्सच्या फ्रान्स व्हॅन आनराटचं, याने सद्दाम हुसेनच्या राजवटीला रासायनिक अस्त्रांचा कच्चा माल विकला, आणि २००५ मध्ये त्याला युद्धगुन्ह्यात सहभागासाठी १५ वर्षांची शिक्षा झाली. म्हणून युनोची तत्त्वंच म्हणतात की गंभीर अत्याचारात हातभार लागण्याचा धोका हा कायद्याचाच प्रश्न समजा. म्हणजे हा विषय सीएसआरवाल्यांच्या, म्हणजे कंपनीचे समाजकार्य बघणाऱ्यांच्या, टेबलावरून उचलून लीगलच्या आणि डायरेक्टरांच्या टेबलावर ठेवा. झाडं लावायच्या बजेटमध्ये हा बसत नाही.

पैसा कुठून कुठं जातो

आता परत त्या व्हाउचरकडे. फ्रेंच सिमेंट कंपनी लाफार्जचा उत्तर सीरियात जलाबिया इथं प्लांट होता. २०१२ मध्ये कंपनीने परदेशी स्टाफ बाहेर काढला, सीरियन कामगार मात्र कामावर राहिले आणि प्लांट चालू ठेवला. गाड्या आणि माणसं नाक्यांवरून जाऊ द्यावीत, कच्चा माल मिळावा म्हणून मध्यस्थांमार्फत इसिस आणि नुसरा फ्रंट या दहशतवादी गटांना पैसे गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये प्लांट इसिसच्याच ताब्यात गेला. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड आणि जप्ती मिळून सुमारे ७७ कोटी ८० लाख डॉलर.

केळीवाली चिकिता कंपनी पण बघा. कोलंबियात एयूसी नावाच्या निमलष्करी गटाला १९९७ ते २००४ मध्ये १७ लाख डॉलरहून जास्त दिले. २००७ मध्ये गुन्हा कबूल, अडीच कोटी डॉलर दंड. लोकांना वाटलं विषय संपला, पण २०२४ च्या जूनमध्ये फ्लोरिडाच्या ज्युरीने त्या गटाने मारलेल्या लोकांच्या कुटुंबांना ३ कोटी ८३ लाख डॉलर द्यायला सांगितलं. कंपनीचं म्हणणं होतं की आमच्या माणसांच्या जिवाला धोका होता, खंडणी होती. असेलही. पण धोका सात वर्षं पुरतो का? पहिल्या महिन्यात खंडणी, दुसऱ्या वर्षी ती बजेटमधली ओळ होते.

तर करायचं काय:

"इतर", "किरकोळ", "रस्ता", "सुविधा", "समन्वय" अशा नावाचे सगळे खर्च एका शीटवर काढा आणि प्रत्येकासमोर शेवटी पैसे कोणाच्या हातात गेले ते लिहा, मध्यस्थाचं नाव चालणार नाही. वाहतूक कॉन्ट्रॅक्टरच्या रेटमध्ये अचानक वाढ झाली तर कारण विचारा, कारण हुशार कॉन्ट्रॅक्टर नाक्याचे पैसे भाड्यातच मुरवतो आणि तुमच्या हिशेबात ते कधी दिसतच नाहीत. आणि ड्रायव्हरला एक गोष्ट स्पष्ट सांगा: बंदूक रोखली तर पैसे दे, जीव वाचव, परत येऊन सांग, तुला कोणी काही बोलणार नाही. हे सांगितलं नाही तर तो देणारच आहे, फक्त तुम्हाला कळणार नाही. मग ती घटना लिहून ठेवायची, वकिलाला दाखवायची, आणि दुसऱ्यांदा झाली की तो रस्ता बंद. तिसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही.

खनिजं घेत असाल तर ओईसीडीची, म्हणजे विकसित देशांच्या आर्थिक संघटनेची, गाइड वाचाच, पहिली २०११ मध्ये आली, तिसरी आवृत्ती २०१६. पाच पायऱ्या आहेत: कंपनीत यंत्रणा उभी करा, धोका शोधा, त्यावर उपाय करा, स्मेल्टरचं, म्हणजे खनिज वितळवणाऱ्या कारखान्याचं, बाहेरच्या माणसाकडून ऑडिट करून घ्या, दरवर्षी जाहीर करा. कथील, टँटलम, टंगस्टन, सोनं ही चार मुख्य. ऑडिट स्मेल्टरवर का, तर खाणी हजारो, कारखाने हजारो, पण मधे वितळवणारे मोजकेच, सगळा माल त्याच गळ्यातून जातो. एकदा वितळलं की कुठल्या खाणीचं ते ओळखू येत नाही, म्हणून कुठल्या खाणीचा माल ते सांगणारा पोत्यावरचा टॅग त्याच्या आधीच तपासायचा, आणि टॅग पण विकत मिळतात हे लक्षात ठेवायचं.

इथं एक उलटी चूक पण होते. २०१० मध्ये अमेरिकेने डॉड-फ्रँक कायद्याच्या १५०२ कलमात काँगो आणि शेजारच्या देशांमधली खनिजं वापरली का ते कंपन्यांनी सांगावं असं आणलं, त्याच सप्टेंबरात काँगो सरकारने पूर्वेकडच्या खाणकामावर बंदी घातली, ती २०११ च्या मार्चपर्यंत राहिली, आणि बऱ्याच खरेदीदारांनी तर तिकडचं नावच सोडलं. झळ कोणाला बसली, तर हाताने खणून पोट भरणाऱ्यांना. म्हणून "त्या देशातून काहीच नको" ही पॉलिसी वाटते स्वच्छ, पण ती आपली सोय आहे. चांगली खाण शोधून तिच्याकडून घेत राहणं जास्त कष्टाचं काम आहे.

गेटवरचा माणूस

सिक्युरिटी एजन्सी स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका, गार्ड आधी कोणाकडे होता ते विचारा. गेल्या वर्षी तोच माणूस कुठल्या गटात बंदूक घेऊन फिरत होता हे गावाला माहीत असतं आणि एचआरला नसतं. २००० सालची सुरक्षा आणि मानवाधिकारांवरची ऐच्छिक तत्त्वं खाण आणि तेल कंपन्यांसाठी झाली, पण कोणीही वापरावीत अशी आहेत: बळ कमीत कमी, घटना घडली की नोंद आणि चौकशी, सरकारी फौज असेल तर कंपनीने आपल्या अपेक्षा लेखी कळवायच्या.

सरकारी फौजेचं जास्त अवघड असतं, कारण नाही म्हणता येत नाही. पण काय देतोय ते तरी ठरवता येतं. गाडी, डिझेल, धावपट्टी, क्रेन, यातलं काही मागितलं तर लेखी घ्या, कशासाठी वापरणार ते लिहून घ्या आणि वापर संपला की नोंद ठेवा. स्वीडनमध्ये लुंडिन ऑइलच्या दोन माजी बड्या अधिकाऱ्यांवर सप्टेंबर २०२३ मध्ये खटला सुरू झाला, १९९९ ते २००३ च्या सुदानवरून, आरोप असा की तेलाचा भाग सुरक्षित करून द्या म्हणून केलेल्या मागणीतून सैन्याच्या अत्याचाराला मदत झाली. दोघांनी आरोप नाकारलेत. पण वीस वर्षांनी जुने ईमेल टेबलावर येतात एवढं तरी यातून घ्या.

डेटा

यात टेलिकॉम आणि सॉफ्टवेअरवाले गाफील असतात. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये सैन्याने सत्ता घेतली, तिथं नॉर्वेच्या टेलेनॉरचे कोट्यवधी ग्राहक होते. फोन टॅपिंगची यंत्रणा चालू करायचा दबाव आला, कंपनीने निघायचं ठरवलं आणि २०२२ मध्ये धंदा विकला. पण विकला म्हणजे कोण कोणाला कधी फोन करत होतं याच्या नोंदी पण नव्या मालकाकडे गेल्या, आणि यावरूनच कार्यकर्त्यांनी ओरड केली. बाहेर पडणं पण नुकसान करू शकतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. जो डेटा साठवलाच नाही तो कोणी बंदूक लावून मागू शकत नाही, त्यामुळे अशा भागात जात, धर्म, पत्ता, लोकेशन यातलं जे नसेल तरी काम चालतं ते फॉर्मवरून आजच उडवा.

तक्रारपेटी कुठं लावलीय

एका साइटवर मला कौतुकाने तक्रारपेटी दाखवली. छान पत्र्याची, कुलूप लावलेलं, वर रंगवलेलं "आपले म्हणणे मांडा". लावली कुठं होती? गार्डच्या केबिनच्या भिंतीवर. आणि गावातली मुख्य तक्रार कोणाबद्दल होती, तर गार्डांबद्दल. वर्षभरात एक चिठ्ठी, ती पण कँटीनच्या चहाबद्दल. मॅनेजर म्हणे, बघा साहेब, तक्रारी नाहीतच.

तक्रार करायला एकापेक्षा जास्त वाटा हव्यात, फोन, बाहेरची एखादी विश्वासू संस्था, बायकांसाठी बाईच. लिहिता येत नसेल तर सांगता यावी. किती दिवसांत उत्तर मिळणार ते आधी जाहीर करा आणि पाळा. तक्रार करणाऱ्याने कोर्टात जायचं नाही असं कुठंही लिहून घेऊ नका. आणि नावं मूळ नोंदीत वेगळी ठेवा, कामाच्या शीटवर फक्त नंबर.

निघायचं कसं, हे पहिल्या दिवशी ठरवा

परिस्थिती चिघळल्यावर मीटिंग घेतली की मत असं पडतं, "अजून महिनाभर बघू". दर महिन्याला तेच. म्हणून शांतता असतानाच लिहून ठेवा की काय झालं तर काम थांबवायचं: नाक्यावर दुसऱ्यांदा वसुली, आपल्या आवारात सैन्याचा तळ, कामगार पळवणं, आणि कोण थांबवू शकतं त्याचं नाव. साइटवरच्या माणसाला तो अधिकार द्या, मुख्य ऑफिस लांब असतं आणि तिथं प्रॉडक्शनचा तक्ता भिंतीवर असतो.

निघणं म्हणजे कुलूप लावून विमानात बसणं नाही. परदेशी स्टाफ आधी बाहेर आणि स्थानिक माणसं मागे मशीनवर, हे करायचं नाही. पगार काही महिन्यांचे आगाऊ, बँका बंद पडायच्या आत. विकत घेणारा कोण, त्याच्या मागे कोण, तो तुमच्यापेक्षा वाईट वागणार असेल तर विक्रीच्या करारात अटी टाका, किंवा विकू नका. जपानच्या किरिनला म्यानमारमध्ये सैन्याशी संबंधित कंपनीबरोबरची भागीदारी संपवायची होती, २०२१ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं आणि सुटका व्हायला २०२३ चा जानेवारी उजाडला, त्यामुळे भागीदारी करतानाच बाहेर पडायचं कलम घालून घ्या. वाहनं, डिझेलचा साठा, स्फोटकं, रेडिओ सेट, हे मागे राहिलं की पहिल्याच आठवड्यात कोणाच्या हातात जाईल याचा विचार करा, नेता येत नसेल तर निकामी करा.

आणि सगळ्यात शेवटी कागद. हार्ड डिस्क सगळ्यांना आठवते. पण त्या तक्रारींचं मूळ रजिस्टर, ज्यात सैन्याबद्दल, गार्डबद्दल, पुढाऱ्याबद्दल कोण काय बोललं ते नावानिशी लिहिलंय, ते बहुतेक वेळा एचआरच्या खालच्या ड्रॉवरमध्येच राहतं. निघताना ते कोण उचलणार त्याचं नाव आत्ताच लिहा, आणि त्या ड्रॉवरची दुसरी चावी कोणाकडे आहे ते पण.